विहाराच्या अंगणातील एकदांडी
(आषाढी पौर्णिमेस वर्षावास प्रारंभाच्या कार्यक्रमात हुपरी येथे केलेले भाषण)



आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालेल. पहिल्या दिवशी वक्त्याने वर्षावासाचे महत्त्व सांगावे असा प्रघात आहे. ते आम्ही सांगणारच आहोत. मात्र सुरुवात करणार आहोत विहारासमोरच्या अंगणात पायऱ्यांपासून कुंपणापर्यंत पसरलेल्या एका बारक्या फुलापासून. त्याला कारणही आहे. गेल्या बैठकीत अंगणात तणनाशक मारून वर सिमेंटचे ब्लॉक बसवावेत, अशी सूचना आली. ठराव अजून झालेला नाही. तो होण्याआधी आपण नेमके काय काढणार आहोत ते सर्वांनी एकदा पाहावे, एवढ्यासाठी हा विषय घेतला आहे.

या वनस्पतीचे नाव एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ते नोंदविले. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी. खोड जमिनीलगत सरपटते, पेरांपाशी मुळे धरते आणि पुढे जाते. पाने समोरासमोर, कडेला दातेरी, हाताला खरखरीत. मधूनच एक लांब, केसाळ दांडी सरळ वर येते आणि तिच्या टोकाला एकच फूल लागते. एकदांडी हे नाव ज्याने दिले त्याने फूल नीट पाहिले होते यात शंका नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. मधला पिवळा भाग बारीक फुलांनी गच्च भरलेला. कडेला ज्या चार-पाच फिक्या पाकळ्या दिसतात त्याही स्वतंत्र फुलेच, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन हे दाते मोजावेत. झेंडू आणि सूर्यफूल ही याच कुळातली थोर मंडळी.

तिचे बी केसाळ पिसाऱ्याचे असते व वाऱ्यावर उडते. म्हणजे पेरांनी जवळ पसरायचे आणि बियांनी लांब जायचे, अशी तिची दुहेरी सोय आहे. दरवर्षी मार्चमध्ये आपली मुले माणगावला जातात. २१ व २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली व शाहू महाराज स्वतः तेथे आले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवसांत रस्त्याकडेचे गवत वाळून कोळ झालेले असते. तेव्हाही एकदांडी कुठेतरी फुललेली सापडते. बारकी निळी फुलपाखरे आणि मधमाश्या तिच्यावर येतात, कारण त्या दिवसांत त्यांना बांधावर दुसरे फारसे काही मिळत नाही.

ती मूळची इथली नव्हे. मेक्सिको व त्याखालचा अमेरिकेचा उष्ण मुलूख हे तिचे माहेर. तेव्हा भगवान बुद्धांनी ही वनस्पती पाहिली असणे शक्य नाही. खुद्द अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या केंद्र सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातले आहे. आपल्याकडे मात्र तिला मराठी नावे मिळाली, तीही एक नव्हे, तीन-चार. ही नावे कोणा पंडिताने दिलेली नाहीत. रोजंदारीवर खुरपणीला जाणाऱ्या आपल्या आया-आज्यांच्या तोंडी ती टिकली. उसाच्या सरीत आणि भुईमुगात वाकून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना कोणते तण मुळासकट निघते, कोणते तुटून परत फुटते आणि कोणते भाजीला चालते हे पाठ असते. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आता खुरप्याच्या जागी फवाऱ्याचा पंप आला. त्याबरोबर बायकांचे रोजगार गेले, त्याची चर्चा तरी होते. नावे गेली त्याची कोणी करीत नाही.

आता औषधी उपयोगाविषयी, कारण येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. खरचटले की हा पाला चोळून रस लावायचा, ही रीत खेड्यापाड्यांत सर्वत्र आहे. भारतातील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले व जखम भरण्याच्या कामी या रसाचा उपयोग दिसला, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे आज्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे. रस्त्याकडेच्या पाल्यावर माती असते, जनावरांचे मलमूत्र असते, आणि धनुर्वाताचे जंतू तेथेच राहतात. खोल जखम साबण-पाण्याने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. आपले हुपरी चांदीचे गाव. घरोघरी पैंजण, जोडवी, घुंगरांचे काम चालते, आटणीची भट्टी असते, ॲसिड असते. ॲसिडने किंवा भट्टीने भाजले तर कोणताही पाला लावू नये. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरावा व डॉक्टरांकडे जावे. बाजारात भृंगराज म्हणून काही वेळा हाच पाला खपविला जातो, तेही ध्यानात असू द्यावे. खरा भृंगराज म्हणजे माका. तो ओलसर जागी येतो आणि त्याचे फूल पांढरे असते.

आता वर्षावासाकडे येऊ. विनयपिटकातील महावग्गात त्याची हकीकत आहे. भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. त्या काळी भिक्खू हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे बारा महिने चारिका करीत. लोक कुरकुर करू लागले: अन्य पंथांचे साधू पावसाळ्यात एके जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडावर घरटे करून राहतात, आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवे गवत तुडवीत, बारीक जीव मारीत हिंडतात! ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली व त्यांनी वर्षावासाची आज्ञा केली. आपण ज्या परंपरेसाठी आज पांढरी वस्त्रे नेसून बसलो आहोत, तिचा उगम हिरव्या गवतावरच्या पायांपाशी आहे. प्रवचनांत हा भाग फार भरभर उरकला जातो, असे आम्हांस वाटते.

याच पिटकात भिक्खूंनी वनस्पती तोडू नये असा नियम आहे आणि तेथे वनस्पतींचे पाच प्रकार सांगितले आहेत. ते ज्यापासून उगवते त्यावरून पाडलेले आहेत. मूलबीज, म्हणजे हळद, आले. खंधबीज, म्हणजे पिंपळ, वड यांसारखी झाडे. फळुबीज, म्हणजे पेरांपासून येणारी. येथे ऊस, वेळू व बोरू ही उदाहरणे दिली आहेत. अग्गबीज, म्हणजे शेंडा खोचून येणारी. आणि बीजबीज, म्हणजे धान्ये व कडधान्ये. उसाची कांडी लावणाऱ्या आपल्या मुलखाला फळुबीज समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या मते एकदांडी दोन्हींकडे बसते, पेराने फळुबीज आणि पिसाऱ्याने बीजबीज. शाळेत कायिक प्रजनन शिकताना आपल्या मुलांनी ही पाली नावेही लिहावीत. मराठीतून विनयाची ओळख करून घ्यायची असेल तर धर्मानंद कोसंबी यांचे 'बौद्धसंघाचा परिचय' हे पुस्तक आहे.

कोणी विचारील, मग खुरपणी करणे पाप काय? मुळीच नाही. हा नियम भिक्खूंसाठी आहे. शेतकऱ्याने पीक राखायचे तर तण काढलेच पाहिजे. वनस्पतीत जीव आहे अशी लोकांची समजूत होती आणि लोकांना बोल लावण्यास जागा राहू नये, हेही त्या नियमाचे एक कारण तेथे दिलेले आहे. प्रश्न शेताचा नाही, अंगणाचा आहे. येथे पीक नाही, नुकसान नाही. चिखल होतो ही तक्रार खरी आहे व म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात हेही खरे. म्हणून फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चार फूट रुंदीची फरशी घालावी, खुर्च्या मांडण्याची जागा मुरूम टाकून चोपावी, आणि कुंपणालगतची उरलेली पट्टी तशीच ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे. गवत वाढले तर विळ्याने कापावे. ज्या अंगणात लहान मुले अनवाणी खेळतात तेथे तणनाशक मात्र मारू नये. या मुद्द्यावर आम्ही बैठकीतही आग्रह धरणार आहोत.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. प्रत्येकाने अंगणातली किंवा बांधावरची पाच रोपटी घ्यावीत, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर दप्तराचे वजन द्यावे, आणि वाळल्यावर वहीत चिकटवावीत. शेजारी शाळेतले नाव लिहावे व घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून तिने सांगितलेले नावही लिहावे. सांगणारीचे नाव लिहिण्यास विसरू नये. वह्या आश्विन पौर्णिमेस विहारात आणाव्यात. अंगणाचा ठराव पुढील रविवारच्या बैठकीत येईल, सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे. जयभीम.