रोवणीच्या दिवसांतला चहा



आज मी तुमच्याशी चहाविषयी बोलणार आहे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने चहा कसा करावा हे सांगायला बसावे, याचे काहींना हसू येईल. माझ्या घरच्यांनाही आले. पण अर्थशास्त्र म्हणजे तरी काय? हाताशी असलेला वेळ, सरपण आणि पैसा यांचा नीट उपयोग कसा करावा, याचाच तो विचार. आणि या तिन्ही गोष्टी दिवसातून सर्वांत अधिक वेळा कुठे खर्च होत असतील, तर त्या चहाच्या गंजापाशी.

आपल्या भंडारा जिल्ह्यात आषाढ-श्रावण म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. मी लहान असतानाची गोष्ट सांगतो. आमच्या बांधीत दहा-बारा बाया पऱ्हे रोवायला येत. माय पहाटेच उठे. आधी घरच्यांचा चहा, मग चिखलणीच्या गड्यांचा, मग दहा वाजता बायांचा. मध्येच कुणी पाहुणा येई, त्याचा वेगळा. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांचा. दर वेळी चूल पेटवायची, ओले सरपण फुंकायचे, धुराने डोळे चोळायचे, अद्रक कुटायचे. एके दिवशी साखर संपली होती म्हणून तिने गूळ टाकला, आणि गंजातले सगळे दूध फाटले. धुऱ्यावर बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "राहू द्या काकू, कोराच द्या." मायने पुन्हा चूल पेटवली. सगळ्यांचे पिऊन झाले, तरी तिचा कप तसाच. विचारले की म्हणे, "तुम्ही प्या, मी मंग घेतो." ते "मंग" येई तेव्हा चहा थंड झालेला असे.

ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नाही, हे तुम्ही जाणताच. आता पुष्कळ घरी गॅस आला, धूर कमी झाला. पण चहाची खेप काही कमी झाली नाही. ती कमी करण्याचा एक साधा उपाय आहे. मसाल्याचा आणि चहापत्तीचा दाट काढा सकाळी एकदाच करून ठेवायचा, आणि लागेल तेव्हा त्यात गरम दूध मिसळून घ्यायचे.

ही युक्ती नवी नाही. रशियातले लोक छोट्या किटलीत अगदी कडक चहा करून ठेवतात आणि पिताना समोवारातले उकळते पाणी त्यात घालतात. मुंबईच्या इराण्याकडे चहाचे पाणी निराळे आणि दूध निराळे उकळत असते. दक्षिणेत कॉफीचा काढा आधी गाळून ठेवतात, हे तर आपण पाहतोच. जिथे माणसे पुष्कळ आणि वेळ थोडा, तिथे सगळ्यांना हीच वाट सापडली.

आता चहाच मुळी आपल्याकडे अलीकडचा पाहुणा आहे. आसामातल्या सिंगफो लोकांना हे झाड ठाऊक होते. इंग्रजांनी तिथे मळे घातले आणि 1838 साली आसामचा चहा प्रथम लंडनला रवाना झाला. आपल्या देशातील सामान्य माणूस मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चहा पीत नव्हता. 1903 साली सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पुढे 1930 च्या सुमारास पाने चुरडून, फाडून त्यांचे दाणे करणारे यंत्र आसामात निघाले. आज आपण वापरतो ती दाणेदार पत्ती त्याच रीतीची. ही पत्ती थोडीच लागते आणि लवकर उतरते. आपल्या काढ्याला तीच बरी.

आता कृती. जवळ कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या. हे प्रमाण वीसेक लहान कपांचे आहे.

सव्वा लिटर पाणी गंजात ठेवा. त्यात ठेचलेले अद्रक चाळीस-पन्नास ग्रॅम, दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा आणि आठ-दहा मिरे टाका. लवंगा-मिरे जरासे ठेचून घ्यावेत, पीठ करू नये. पीठ केले की काढा गढूळ होतो आणि गाळणीत बसतो. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळू द्या. दारी गवती चहा असेल तर त्याची दोन पाती आता टाकावीत. मग दीडशे ग्रॅम साखर किंवा दोनशे ग्रॅम गूळ घालून विरघळू द्या. नंतर चाळीस ग्रॅम चहापत्ती आणि दहा-बारा ठेचलेल्या विलायच्या टाका. तीन-चार मिनिटे उकळी द्या, खाली उतरवा, दोन मिनिटे झाकून ठेवा आणि गाळून घ्या. सुमारे एक लिटर काढा हाती येईल.

पिताना अर्धा कप काढा आणि अर्धा कप उकळते दूध. दूध कमी असेल, तर काढा अर्धा कप ठेवून उरलेल्या अर्ध्यात दूध आणि गरम पाणी निम्मे-निम्मे घाला. झाला चहा.

यात क्रमाला महत्त्व आहे, आणि त्याची कारणे शिक्षकमंडळींना वर्गात सांगण्यासारखी आहेत. दालचिनी, लवंग, मिरे यांचा अंश पाण्यात उतरायला वेळ लागतो, म्हणून ते आधी. विलायचीचा वास मात्र फार उकळले की वाफेबरोबर उडून जातो, म्हणून ती शेवटी. पत्तीचेही तसेच. ती दहा-दहा मिनिटे उकळली, तर त्यातला तुरट अंश जास्त उतरतो आणि चहा कडवट होतो. पत्ती कमी पडली असेल तर पत्ती वाढवावी. उकळत बसून कडकपणा येत नाही, कडूपणा येतो.

आता मायच्या फाटलेल्या दुधाकडे वळू. कच्च्या अद्रकात दुधातल्या प्रथिनांना तोडणारा एक पाचक पदार्थ असतो. कच्चे अद्रक गरम होत असलेल्या दुधात पडले की दूध फाटण्याचा संभव असतो. पाण्यात चांगले उकळले की तो पदार्थ निकामी होतो. गुळात थोडी आंबटाई आणि क्षार असतात, आणि दुधासह गूळ उकळला की दूध नासते. आपल्या रीतीत अद्रक आणि गूळ दोन्ही आधीच पाण्यात उकळून झालेले असतात. तरीही गुळाचा काढा असेल, तर दूध वेगळे उकळून, कपात मिसळावे. काढा-दूध एकत्र करून पुन्हा चुलीवर चढवू नये.

दुसरी एक गंमत. काढा थंड झाला की गढूळ दिसू लागतो. पुष्कळांना वाटते, बिघडला. पण तसे नाही. चहातली उत्तेजक द्रव्ये आणि तुरट द्रव्ये थंडीत एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते गढूळपण. गरम केला की काढा पुन्हा स्वच्छ होतो. बिघडल्याच्या खुणा निराळ्या आहेत. आंबूस वास, वर फेस किंवा साय, हाताला चिकट तार. यांपैकी एक दिसली तरी काढा फेकून द्यावा, उकळून वापरण्याचा मोह धरू नये.

टिकण्याविषयी स्पष्टच सांगतो. यात साखर असली, तरी हा साखरेचा पाक नव्हे. पाक टिकतो तो फार दाट असतो म्हणून. आपला काढा पातळ आहे. फ्रीज नसेल, तर सकाळचा काढा रात्रीपर्यंत संपवावा, आणि दर वेळी उकळी आणूनच घ्यावा. फ्रीज असेल, तर उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटलीत तीन-चार दिवस राहतो. दूध मात्र काढ्यात आधी कधीही मिसळून ठेवू नये.

भांड्याचेही पाहा. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचे गाव अशी आपली ओळख. पितळी गंजाचा आपल्याला अभिमान असावाच. पण कल्हई उडालेल्या पितळेत काढा करू नये आणि ठेवू तर मुळीच नये. लिंबू पिळणार असाल तर अधिकच जपावे, कारण आंबटाने तांबे-जस्त अन्नात उतरते. स्टील किंवा काच उत्तम.

जाता जाता एक प्रयोग सांगतो. शिक्षकांनी तो शाळेत जरूर करून दाखवावा. कोऱ्या चहाच्या कपात गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा काळा पडलेला दिसेल. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत. हिरड्यातला तुरट अंश आणि हिराकसातले लोह मिळून काळा रंग होई. चहातही तसाच तुरट अंश आहे. कपात जे घडते, तसेच काहीसे पोटातही घडते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर भाजी-डाळीतले लोह त्या तुरट अंशाशी बांधले जाते आणि शरीराला पुरते लाभत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत पंडुरोग आढळला. त्याला कारणे अनेक आहेत. एकट्या चहाच्या माथी ते खापर फोडू नये. पण बांधीवर शिदोरीबरोबर कप समोर करण्याची आपली रीत बदलावी. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. आणि लहान लेकरांना दुधाऐवजी चहा देऊ नये.

आता माझ्या विषयातला हिशेब. मी घरी घड्याळ लावून पाहिले. दर वेळी नव्याने चहा करायला बारा-तेरा मिनिटे जात होती. काढा तयार असला की तीन-चार मिनिटांत काम होते. दिवसातून सहा वेळा चहा होत असेल, तर काढ्याची घटकाभर धरूनही अर्ध्या तासाच्या आसपास बचत होते आणि इंधन वाचते ते वेगळेच. परंतु खरा लाभ याहून मोठा आहे. चहा "जमणे" ही घरातल्या एका बाईची कला होती, म्हणून ती चुलीला बांधलेली राहिली. काढ्यात मसाला, पत्ती, गोडी सारे आधीच ठरलेले असते. मग दूध तापवून कपात ओतणे घरातल्या कोणत्याही माणसाला येते. मुलाला येते, सासऱ्याला येते, आणि धन्यालाही येते, बरं का! "मला चहा करता येत नाही," ही सबब तेवढी उरत नाही.

आमच्या घरी आता रोवणीच्या दिवसांत सकाळचा काढा मी करतो. पहिल्या वर्षी लवंगा जास्त पडल्या आणि सगळ्यांनी तोंडे वाकडी केली. आता हात बसला आहे. बाटली धुऱ्यावर जाते, दूध तिथेच तापते, आणि बायांबरोबर बसून मायही चहा घेते. यंदा तिने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "चटका बसला रे!" मला त्या तक्रारीचा फार आनंद झाला.

तुम्हीही करून पाहा. प्रमाण आपल्या जिभेप्रमाणे कमी-जास्त करा. नियम एकच पाळा. वाटप सुरू कराल तेव्हा पहिला कप तिच्या हाती द्या, जी आजवर शेवटचा घेत आली.