मुक्काम हलल्यावर



माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभं केलं तर दोन तास बोलीन, पण भाषण मला येत नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून सकाळपासून सगळ्यांनी कौतुक केलं, ते खरंच आहे. मी मात्र एक कमीपणाची गोष्ट सांगणार आहे. ही पुस्तकात कशाला, असं एक-दोघं म्हणाले. मी म्हणालो, छापा. चूक माझी आहे, मीच सांगतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, तरडगावचा मुक्काम झाला, आणि सकाळी आपण फलटणच्या वाटेला लागलो. दुपारी ध्यानात आलं, माझी अभंगाची वही मुक्कामाच्या शेतात बाभळीला अडकवलेली राहिली. एका पोराच्या मोटरसायकलवर बसून परत गेलो.

माउली हो, आपण मुक्काम हलताना कधी मागं वळून बघतो का? मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. सगळ्या शेतात पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे गिलास उडत होते. विहिरीच्या कडेला साबणाचा फेस वाळलेला. बांधाच्या आडोशाला पाय ठेवायला जागा नाही. आणि चुलवणाजवळ आपण टाकलेला भाताचा ढीग, गुडघ्याएवढा. ती मालकीण आणि तिची सून घमेल्यानं घाण भरत होत्या. मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, "म्हाराज, च्या घेता का?"

गोठ्यात गाय आडवी पडलेली होती. रात्री दावं तोडून ती त्या भाताला लागली होती. शिजलेला भात जनावरानं पोटभर खाल्ला की काय होतं, हे इथं बसलेल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. डॉक्टर येऊन गेले, नळी घातली, सगळं केलं. गाय दुसऱ्या दिवशी गेली. दुभती होती.

त्या सालचा भात किती टाकायचा हे मीच आचाऱ्याला सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी शेजारच्या वाडीनं भाकरी-पिठलं आणून दिलं, माणसं ते जेवली आणि आपला भात उरला. मी म्हणालो, टाका तिकडं, कुत्री खातील. एवढं बोलून मी कीर्तनाला उभा राहिलो. त्या दिवशी निरूपण अन्नदानाचं होतं, हेही सांगून टाकतो.

पैसे द्यायला लागलो तर तिनं हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून आपण एक कालवड नेली. लई आग्रह केल्यावर घेतली. पण मी विचारलं, बाई, इतकी वर्षं तुम्ही काही बोलला का नाही? तर म्हणाली, "वारकऱ्याला कसं बोलायचं?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

शेतकरी म्हणून अजून एक सांगतो. आपण जातो ते पेरणीचे दिवस. पाऊस पडून वाफसा आलेला असतो आणि ही माणसं आपल्यासाठी तेवढा तुकडा पेरायचा ठेवतात. वाफसा कुणासाठी थांबत नाही. २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीतून पंढरीला गेल्या. मी त्या बाईला फोन करून सांगितलं, यंदा आम्ही येत नाही, पेरून घ्या. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मोकळं."

म्हणून आपण दिंडीत काही गोष्टी बदलल्या. ज्याचं त्याचं ताट-तांब्या ज्याच्या त्याच्या पिशवीत. पहिल्या वर्षी लई कुरकुर झाली, ताट कोण घासत बसणार म्हणून. आता कुणाला आठवतही नाही. उतरल्या उतरल्या चर खणायचा, उष्टं-खरकटं त्यात, आणि निघताना मातीनं बुजवायचं. कपडे विहिरीपासून लांब धुवायचे. पाच माणसं मागं राहतात, शेत झाडून मालकाला दाखवतात, मग टेंपोनं येऊन दिंडीला गाठतात. आधी मला वाटायचं, या पाच जणांची तेवढी चाल बुडते. आता तसं वाटत नाही.

चंद्रभागेचं मात्र अजून जमलेलं नाही. स्नान झालं की जुनं धोतर, लुगडं तिथंच पाण्यात सोडायचं, ही खोड आपल्याच माणसांची आहे. आधीच उजनीचं पाणी सोडावं तेव्हा पात्र भरतं. वडील सांगायचे, पूर्वी पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय यात्रेत सोडत नसत. ती साथ कशानं पसरायची? घाण पाण्यानंच की.

आता गावकरी मंडळींना हात जोडून दोन शब्द. तुम्ही प्रेमानं देता, पण एकाच कोसात शिरा, केळी, बिस्किटं, परत भात, आणि प्लास्टिकच्या बाटल्या. निम्मं रस्त्यावर पडतं. कोण काय देणार ते आधी फोनवर ठरवू, म्हणजे आमचा आचारी तेवढं कमी शिजवील. आणि खायला थोडं कमी द्या, पण संडास उघडा ठेवा. माझ्या घरच्या मंडळींनी वीस वर्षं वारी केल्यावर मला सांगितलं, की बाया दुपारनंतर पाणी पीत नाहीत, जायची सोय नसते म्हणून. वीस वर्षं मी शेजारी चालत होतो. सरकारची फिरती शौचालयं आली, चांगलं झालं, पण त्यातलं पाणी संपलं की कोण आत जातंय? एका गावात एका घरानं नुसता दिवा लावला, बादली भरून ठेवली आणि दारात म्हातारी बसवली. आपल्या बायका त्या घराचं नाव अजून काढतात.

आंघोळीच्या पाण्याला पैसे घेतात, अशी आपली माणसं कुरकुरतात. अहो, त्यांनी टँकर विकत आणलेला असतो, द्यावेत. पण पाऊस आला की पडवीचा भाव दुप्पट, असं गावानंही करू नये. काय ते आदल्या दिवशी ठरवावं.

यंदा मागं राहायला पाचाऐवजी दहा माणसं लागतील, दिंडी वाढली आहे. तरण्या पोरांनी नावं द्यावीत, कागद विणेकरी बाबांकडं आहे. पहिलं नाव माझं लिहिलं आहे. आता वाकून झाडणं होत नाही, पण घमेलं धरीन. रामकृष्ण हरी.