वडिलांनी ठेवलेले तळे



मासे पाळण्याविषयी बोलायला आम्हां दोघा भावांना इथे उभे केले आहे. पाण्यातली विद्या भोई-ढिवरांची. आमची हयात पऱ्हाटी आणि ज्वारीत गेली. तेव्हा जे सांगतो ते चुकून शिकलेले आहे, तेवढ्याच विश्वासाने ऐका.

२०१७ साली 'मागेल त्याला शेततळे' योजनेत वडिलांनी वावराच्या खालच्या कोपऱ्यात तळे खोदले. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल. २०२१ मध्ये वडील गेले. वाटणीत वावराचे दोन तुकडे पडले, पण पाण्याचे तुकडे कसे पाडणार? तळे सामाईक राहिले. आणि सामाईक म्हटले की घरात काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. थोरल्याला पाणी पऱ्हाटीला हवे, धाकट्याने मासे मनात घेतलेले. पहिल्या साली दोन्ही केले आणि दोन्ही बुडाले.

कसे बुडाले ते ऐका. मोटारसायकलवर डबे लावून एक विक्रेता आला, त्याच्याकडून नखाएवढे मत्स्यबीज स्वस्तात घेतले आणि ओतले तळ्यात. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याबरोबर मरळ चढून आली होती, ती आम्हांला ठाऊक नव्हती. मरळ खायला चवदार, पण ती स्वतः दुसऱ्यांची पिले खाऊन मोठी होते. उरलेल्यांना खंड्या आणि बगळे होतेच. सप्टेंबरात तीन दिवस ढग धरून राहिले. चौथ्या दिवशी पहाटे पाहतो तर मासे वर येऊन तोंडे उघडतात. आम्हांला वाटले भूक लागली, म्हणून वर कोंडा टाकला! खरे म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपला होता. दिवसा पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ तो खाते. ऊन नसले की पहाटेपर्यंत खाते रिकामे. अशा वेळी खाद्य बंद करायचे, मोटर लावून तळ्याचेच पाणी वरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडायचे. हे आम्हांला दुपारी कळले. तोवर पोरांनी मेलेले मासे टोपलीने काढले होते.

त्या हिवाळ्यात आम्ही भांडलो आणि मग हिशेबाला बसलो. असे तळे काठोकाठ भरले तर त्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. तळे वर रुंद, खाली अरुंद. म्हणून वरचा एकच मीटर थर आठ लाख लिटरांचा. म्हणजे चार एकर पऱ्हाटीला दोन इंचांचे एक पाणी. बोंडे भरताना पाऊस दगा देतो, तेव्हा हे एक पाणी पीक वाचवते. खालच्या थरांवर मासे जगू शकतात. मग आम्ही तळ्यात लोखंडी पाइप रोवला आणि तळापासून दीड मीटरवर लाल रंगाची खूण केली. खुणेच्या वरचे पाणी पऱ्हाटीचे, खालचे माशांचे. मासे निघेपर्यंत खुणेखाली मोटर चालवायची नाही, मग भाऊ असो की भावजय.

दुसरी गोष्ट पंचांगाची. पुस्तकात लिहिलेले असते की मासा दहा-बारा महिने वाढवा. आमच्या तळ्याला प्लास्टिक नाही. ऊन आणि झिरपा मिळून फेब्रुवारीनंतर त्यात म्हशी बसण्यापुरतेच पाणी उरते. ज्याचे पाणी सहा महिन्यांचे, त्याने नखाएवढे बीज सोडूच नये. आम्ही आता शंभर ग्रॅमची बोटुकली घेतो. महाग पडते, पण तिला खंड्या उचलत नाही आणि जानेवारीअखेर ती विकण्याजोगी होते. बीज दर साली विकतच घ्यावे लागते, कारण कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे, साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशातल्या अंगुळ येथे हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवली, म्हणून आज बीज विकत तरी मिळते.

नऊ गुंठ्यांच्या पाण्यात आम्ही चारशे सोडली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिन्ही मिसळले की एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. उन्हाळ्यात तळे कोरडे पडू दिले म्हणजे मरळीचा वंश राहत नाही. मग तीस किलो चुना, गाडीभर कुजलेले शेण. पाणी भरल्यावर हात कोपरापर्यंत बुडवून पाहायचा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. अजिबात दिसेनासा झाला तर शेण थांबवा. बोटुकलीची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगू द्यावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे. खायला शेंगदाण्याची ढेप आणि कोंडा. घरची सरकी ढेप आहे म्हणून तीच भरमसाट टाकू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने माशाची वाढ खुंटते. थंडीत मासा कमी खातो, तेव्हा हात आखडा.

फवारणीचे मात्र कडक सांगतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला पुरते, त्यापुढे मासा किती टिकेल? पायरेथ्रॉइड गटातली औषधे तर माशांना थेंबाथेंबाने मारतात. फवारणीच्या दिवसांत आम्ही तळ्याचे तोंड मातीच्या पोत्यांनी बंद करतो. काठावर औषध कालवणे नाही, पंप धुणे नाही. आणि तळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पोरे पोहायला जातात आणि बाजू निसरड्या असतात.

आता पैसा. दुसऱ्या साली २९० मासे हाती लागले, १५१ किलो भरले. व्यापाऱ्याने किलोला ९० रुपये सांगितले. आम्ही बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गावात निरोप फिरवला आणि काठावर जिवंत मासा १४०ने विकला. २१,१४० रुपये आले. बोटुकलीचे ४,८००, ढेप-कोंड्याचे ७,०००, चुना आणि जाळेवाल्यांची मजुरी २,०००. घरच्या बायामाणसांनी रोज खाद्य टाकले, राखण केली, त्याची मजुरी ३,३०० धरली. ती धरायचीच, शेतकऱ्याच्या हिशेबात ती नेहमी गळते आणि तोट्याचा धंदा नफ्याचा दिसतो. उरले चार हजार. व्यापाऱ्याला दिले असते तर साडेतीन हजार घरातून घालावे लागले असते. माशांनी कर्ज फिटते असे कोणी सांगत असेल तर त्याला त्याचे तळे दाखवायला सांगा. आमच्या तळ्याचे पहिले काम अजून पऱ्हाटीला एक पाणी देणे हेच आहे.

मासे निघाल्यावर खुणेखालचे पाणी खालच्या रानातल्या ज्वारीला सोडले. शेणाचे, माशांच्या विष्ठेचे पाणी. तेवढ्या पट्ट्यात कणीस वेगळेच दिसत होते. येत्या उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढायचा आहे. तो कोणाच्या तुकड्यावर पडावा, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.