पापणीवरची गाठ

(छत्रपती संभाजीनगर येथे मिशनच्या सहायकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या नेत्रशिबिरांना कन्नड-सोयगावकडच्या भिल्ल आणि ठाकर वस्त्यांतून माणसं येतात, ती बहुतेक मोतीबिंदूसाठी. आज मात्र मी पापणीवरच्या गाठीविषयी बोलणार आहे.

पापणीवर दुखरा फोड आला की आपण रांजणवाडी म्हणतो. गरम शेकानं ती बहुधा बसते. पापणीतली तेलग्रंथी तुंबली तर न दुखणारी गाठ राहते, ते कॅलाझिऑन. पण काही गाठी या दोन्हींत बसत नाहीत.

एका अकरा वर्षांच्या मुलीच्या भुवईखाली अशी गाठ होती. खड्यासारखी कठीण, निळसर, कातडीला चिकटलेली. शेकून काही फरक नव्हता. आईला एकच भीती : कॅन्सर तर नाही? गाठ काढली, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवली. निदान आलं, पायलोमॅट्रिक्सोमा. केसाच्या मुळापासून उठणारी ही साधी गाठ. फ्रान्समध्ये मालेर्ब यांनी १८८० मध्ये तिचं वर्णन केलं. पूर्ण काढली की सहसा परत येत नाही.

उलटही घडतं. तेलग्रंथीचा कॅन्सर कॅलाझिऑनसारखाच दिसतो, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे त्याचं प्रमाण जास्त आहे. वयस्कर माणसाची गाठ त्याच जागी पुन्हा आली, तिथले केस झडले, रक्त आलं, तर थांबू नये.

इशायाच्या घरी शमुवेलही आधी थोरल्याच्या रूपाला भुलला होता. बाहेरून पाहून ठरवू नये, हे वैद्यकालाही लागू आहे. म्हणून काढलेली शंकास्पद गाठ फेकायची नाही, तपासायची.

अहवाल यायला आठवडा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. या मुलीच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचं होतं. पुन्हा शहरात यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. आपला सेवक तो कागद घेऊन वस्तीवर गेला आणि आईला वाचून दाखवला. ती निर्धास्त होऊन कारखान्याला गेली.

समजा, त्या कागदावर कॅन्सर लिहिलेलं असतं आणि तो कपाटातच राहिला असता, तर?

तुमच्या देणगीतून शस्त्रक्रिया होतात. यंदा तपासणीचा खर्च आणि अहवाल घरी पोहोचवणाऱ्याचं एसटीचं भाडं, एवढी भर घाला. प्रार्थनेतही आठवण ठेवा. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.