अध्यक्षताई महिनाभर गावी गेल्या तर?

तुमच्या बचत गटाच्या अध्यक्षताई महिनाभर गावी गेल्या, तर बैठक भरेल का? कर्जाचा हप्ता बँकेत कोण नेईल? या प्रश्नांवर सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागल्या, तर गट अजून एकीच्याच खांद्यावर उभा आहे असं समजा. अशा अध्यक्षताई बहुधा हुशार असतात, मनापासून राबतात, आणि त्यामुळेच बाकीच्या निर्धास्त बसतात.

आपल्याकडे गटांना पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. नेतृत्वाची शाळा याच पाच गोष्टींत आहे. त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची वाट बघायला नको.

बैठकीपासून सुरुवात करा. गटात दहा ते वीसजणी असतात. दर बैठकीला नवी जण बैठक चालवेल, असं ठरवून टाका. कर्जमागणी आली की तिनं प्रत्येकीचं मत विचारायचं, निर्णय मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचा. लिहिता येत नसेल तर लिहायला दुसरी बसेल, पण बैठक हिनंच चालवायची. ती अडखळली की अध्यक्षताईंची जीभ वळवळते, "अगं, तिला असं म्हणायचंय..." तेवढं मात्र टाळा. थोडा वेळ शांतता पसरली तर पसरू द्या. तुम्ही वाक्य पुरं करून दिलंत, की पुढच्या वेळी ती तोंडच उघडणार नाही.

ज्यांना स्वतःला पुढं यायचंय, त्यांनी आधी हिशेब शिकावा, भाषण नंतर. ज्या बाईला गटाची शिल्लक, थकबाकी आणि व्याज तोंडपाठ आहे, तिचं म्हणणं बँकेतसुद्धा ऐकून घेतलं जातं. आवाज मोठा नसला तरी चालतो.

पुढची पायरी ग्रामसभेची. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हे पुष्कळजणींना माहीतच नसतं. तिथं एकच प्रश्न घेऊन जा. वस्तीतल्या नळाचा असेल, अंगणवाडीच्या छपराचा असेल. प्रश्न नवख्या बाईनं विचारावा, जुनीनं शेजारी बसावं. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि आरक्षण फिरतं असतं. आज खुला असलेला वॉर्ड उद्या महिलांसाठी राखीव होईल. तेव्हा अर्ज भरायला नुसतं कुणाच्या तरी घरातलं नाव शोधायचं, की सभेत उभं राहून बोललेली बाई तयार असेल?

आता पदाधिकारी बदलण्याविषयी. "यांच्यासारखं कुणाला जमणार?" असं सगळ्या म्हणतात, ताईंनाही ते गोड लागतं. पण बरेचदा खरं कारण भलतंच असतं: बँकेतल्या सह्या बदलायचा कंटाळा! म्हणून ते काम आधी हातावेगळं करा. बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि ओळखपत्रं घेऊन शाखेत जा. आणखी कोणते कागद लागतील ते आधीच विचारून ठेवा, म्हणजे हेलपाटा वाचेल. जाताना जुन्या अध्यक्षताईंनी सोबत जरूर जावं, पण खिडकीशी बोलू द्यावं नव्या बाईला.