‘कुमिआइ’ आणि ‘संप’

वाकडच्या एका अंगास हिंजवडी, दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडची कारखान्यांची वस्ती. पलीकडे चाकणच्या बाजूस जपानी भांडवलाचे कारखाने आले, तेव्हांपासून या भागांतील पुष्कळ तरुण-तरुणी जपानी भाषा शिकूं लागल्या. यंत्राच्या भागांचीं नांवें त्यांना लवकर पाठ होतात. खरी कसोटी लागते ती पगाराच्या वाटाघाटींत दुभाषी म्हणून बसतांना. कारण तेथें एक शब्द चुकला तर अनेक घरांच्या चुलीला त्याची झळ लागते.

कामगार-संघटनेला जपानींत ‘रोदो कुमिआइ’ म्हणतात. ‘रोदो’ म्हणजे श्रम, आणि ‘कुमिआइ’च्या मुळाशीं परस्परांत गुंतण्याची कल्पना आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या नांवांतहि हाच शब्द येतो. जपानांतील बहुतेक कामगार-संघटना एकेका कंपनीपुरत्या असतात. त्यांत कारकून आणि यंत्रावरील कामगार एकत्र बसतात. त्यामुळें जपानी व्यवस्थापकाच्या ‘कुमिआइ’त घरचीच मंडळी असतात. पिंपरीचा कामगार ‘युनियन’ म्हणतो, तेव्हां अनेक कारखान्यांचा बाहेरील पुढारीहि त्याच्या मनांत असूं शकतो. भाषांतर बरोबर असूनहि दोघांपुढील चित्र निराळें राहतें.

दुसरा शब्द ‘रोशि’. कानाला तो एकच. पण लिहितांना त्याचीं रूपें दोन. एका रूपांत श्रमिक आणि त्यांना कामास लावणारा, दुसऱ्यांत श्रमिक आणि भांडवल. पहिलें वाटाघाटीच्या मेजावरचें, दुसरें वर्गकलहाच्या भाषेंतलें. दुभाष्यानें प्रसंग ओळखूनच अर्थ सांगावा.

संपाला जपानींत जुना शब्द आहे ‘दोमेइ हिग्यो’, म्हणजे एकजुटीनें काम थांबविणें. पुढें इंग्रजी ‘स्ट्राइक’वरून आलेला ‘सुतो’ हा आटोपशीर शब्द रूढ झाला. गुजरातींत ‘संप’ म्हणजे एकी; मराठींत त्याच शब्दाचा अर्थ काम बंद ठेवणें असा झाला. एकीवांचून संप नाहीं, हें दोन्ही देशांच्या शब्दांनीं जपून ठेविलें आहे.

इतिहासहि असाच जवळ येतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८८४ सालीं एकत्र आणणारे नारायण मेघाजी लोखंडे १८९७ सालीं निवर्तले. त्याच वर्षीं जपानांत ताकानो फुसातारो व कातायामा सेन यांच्या पुढाकारानें कामगार-संघटना उभारण्यासाठीं मंडळ स्थापन झालें. पुढें १९४७ सालीं अमलांत आलेल्या जपानी राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें कामगारांचा संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मान्य केला.

परंतु मेजावर सर्वांत जपावें तें ‘केंतो शिमासु’ या साध्या वाक्यास. त्याचा अर्थ ‘विचार करूं’. तो होकार नव्हे, पुष्कळदां सौम्य नकारच असतो. आशेनें बसलेल्या कामगारांना तो होकारासारखा ऐकूं आला, तर महिन्यानें फसवणुकीचा आरोप उठतो, आणि दोष कोणाचाच नसतो. अशा वेळीं चांगला दुभाषी एवढेंच विचारून घेतो : उत्तर कोणत्या तारखेस मिळेल?