कला शिका, कलेचा व्यवहारही शिका

(अहिल्यानगर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बांधवाने केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतील मुले आज चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांकडे वळू लागली आहेत. पालक मला विचारतात, "वकीलसाहेब, पोराला हा कॅमेऱ्याचा नाद लागू द्यावा काय?" माझे उत्तर असे की, शिकून केला तर तो नाद नव्हे, ती विद्या आहे. न शिकता केला तर मात्र ती नवी वेठबिगारी ठरेल.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' काढले. ज्या समाजाजवळ बोलण्याचे स्वतःचे साधन नाही, त्याची बाजू दुसरे मांडतात, आणि त्यांना हवी तशी मांडतात. त्या काळी साधन छापखान्याचे होते. आज त्याला चित्राची आणि ध्वनीची जोड मिळाली आहे.

उदाहरणासाठी लांब जावयास नको. करमाळा तालुक्यातील जेऊरचे, वडार समाजात जन्मलेले नागराज मंजुळे याच नगर शहरातील न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटास २०१० सालच्या चित्रपटांसाठीचा, दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले. अनुभव त्यांच्याजवळ होताच. पण केवळ अनुभवाने चित्रपट होत नाही. त्याला धंद्याची शिस्त लागते.

ही शिस्त कोणती? आधी संहिता लिहावी, मग खर्चाचा अंदाज करावा, मग दिवसवार वेळापत्रक आखावे. ज्याचे चित्रण करावयाचे त्याची लेखी संमती घ्यावी. प्रत्येक दृश्याची नोंद वहीत ठेवावी. दिवसाचे काम संपताच चित्रित साहित्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ठरलेल्या दिवशी काम द्यावे आणि त्याच दिवशी बिलही द्यावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु दुसऱ्यांदा काम कोणास मिळते, हे त्यांवरच ठरते.

आता माझ्या व्यवसायातील एक हकिगत सांगतो. आपल्यापैकीच एक तरुण माझ्याकडे आला. त्याने जयंतीसाठी एक गीत लिहिले होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्याच्या हातावर थोडी रक्कम ठेवली आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. गीत गावोगाव वाजले. मात्र त्यावर नाव दुसऱ्याचेच. मी विचारले, "कागद वाचला होतास काय?" तो म्हणाला, "साहेब, मोठ्या माणसाला कसं विचारायचं?" मित्रहो, आपल्या आजोबांनी न वाचता अंगठे उठवले, कारण त्यांना वाचू दिले नव्हते. पदवीधर नातवाने न वाचता सही करावी, याला काय म्हणावे?

कायदा त्याच्या बाजूने होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजतात. प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत समजतात. आपल्या कृतीवर कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही उरतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा असा राखला आहे, की करार करूनही तो निर्मात्यास सोडून देता येत नाही. मात्र पगारी नोकरीत केलेल्या कामावर सामान्यतः मालकाचाच हक्क असतो. म्हणून आपण नोकर आहोत की स्वतंत्र कारागीर, हे आरंभीच लिहून घ्यावे. काम, मोबदला, मुदत आणि नामावलीतील नाव, या चार गोष्टी कागदावर आल्यावाचून कॅमेरा उचलू नये.

शिक्षणाचे दारही उघडे आहे. पुण्याची चित्रपट संस्था १९६० साली प्रभात कंपनीच्या आवारात सुरू झाली. तेथे अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. आणि १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. तेव्हा दाखल्याचे काम प्रवेशाच्या आदल्या दिवशीपर्यंत ठेवू नका.

शेवटी एक गोष्ट आपल्याच अंगाची. न दिलेले घेणार नाही, असे शील आपण दररोज म्हणतो. मग दुसऱ्याचे संगीत न विचारता आपल्या चित्रफितीला लावणे, किंवा सोबत्याचे नाव नामावलीतून गाळणे, हे त्या शिलात बसते काय? जो अन्याय आपण सोसला तोच आपण करू लागलो, तर धर्मांतराने आपल्यात काय बदलले? सम्यक आजीविका म्हणजे आपला हक्क न सोडणे आणि दुसऱ्याचा न बुडविणे.

मातांनो, मुलाच्या हाती कॅमेरा अवश्य द्या. पण त्याबरोबर एक वही द्या, आणि कागद वाचल्याशिवाय सही न करण्याची शपथ द्या.

जय भीम!